अकराचा तास

इंदुमती खरमाटे नोकरी सोडणार नाही, याची सरकारी यंत्राला सत्त्याण्णव टक्के खात्री होती. शाळेतल्या टॅबवर रोज सकाळी तिच्या नावापुढे ‘९७ : स्थिर’ असं हिरव्या अक्षरांत उमटायचं, आणि खरं सांगायचं तर ते पाहून तिला मनातून बरंही वाटायचं. एकोणीस वर्षांच्या नोकरीत शिक्षण खात्यानं तिच्याबद्दल काढलेलं हे पहिलं चांगलं वाक्य होतं. तेही यंत्रानं काढलेलं.

काळेमाळ हे माणदेशातलं दीडशे उंबऱ्यांचं गाव. शाळा जिल्हा परिषदेची, चार इयत्तांना मिळून चौतीस मुलं आणि दोन शिक्षिका. पहिली-दुसरी इंदुमतीकडे, तिसरी-चौथी सलमा मुजावरकडे. दोघींच्या डाव्या मनगटावर राखाडी रंगाचं, छोट्या पडद्याचं कडं. राज्यातल्या प्रत्येक शिक्षकाच्या मनगटावर ते होतं.

हे कडं आलं त्याचं कारणही तसंच होतं. २०३६ साली शिक्षक मुलांना कंटाळून नव्हे, तर बाकीच्या कामांना कंटाळून नोकऱ्या सोडायला लागले. खिचडीच्या ताटांचे फोटो, मतदारयाद्या, शौचालयांची पाहणी, चष्म्यांच्या नोंदी, आणि या सगळ्याची माहिती भरली की नाही याची पुन्हा वेगळी माहिती. माणसं पोटापाण्याची नोकरी सोडून जातात म्हणजे पाणी डोक्यावरून गेलेलं असतं. खात्यानं समिती नेमली आणि समितीनं पुण्याच्या डॉ. मृणाल देवस्थळींना गाठलं.

देवस्थळीबाईंचं संशोधन विमानतळावरच्या नियंत्रकांवर होतं. एकाच वेळी वीस विमानं डोळ्यांपुढे असताना माणसाचा मेंदू कधी थकतो, हे तो थकण्याच्या आधी त्यांना कळायला हवं होतं. त्यांनी तीन गोष्टी मोजल्या. एक, घामातलं ताणाचं रसायन. दुसरी, कातडीतून वीज किती सहज वाहते. माणूस घाबरला, त्रासला की ती जास्त वाहते. आणि तिसरी, हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर. निवांत माणसाच्या हृदयाचे ठोके कधीच एकसारख्या अंतरानं पडत नाहीत, थोडे मागेपुढे होतात. ओझं वाढलं की ते घाण्याच्या बैलासारखे एकाच चालीनं पडायला लागतात. या तिन्हींवरून सहा आठवड्यांत यंत्र सांगायचं की हा माणूस किती भार वाहतोय आणि कोणत्या महिन्यात मोडेल. चाचणीत ज्या शंभर शिक्षकांवर त्यानं खूण केली, त्यातले एक्याऐंशी त्याच महिन्यात सोडून गेले.

मग पुढचं पाऊल सोपं होतं. कोण मोडणार हे कळत असेल, तर मोडण्याआधी त्याचं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर द्यायचं. सगळी कामं कड्यातूनच यायला लागली. पडद्यावर लाल अक्षरांत ‘भार जास्त’ असलं की काम पुढे सरकायचं आणि जिथे हिरव्या अक्षरांत ‘भार कमी’ दिसेल तिथे जाऊन थांबायचं.

पहिलं वर्ष खरंच चांगलं गेलं, हे कबूल करायला हवं. सलमाचं दुसरं बाळंतपण झालेलं, घरी सासरे अंथरुणाला खिळलेले, आणि तिनं राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलेला. कड्यानं तिची कामं निम्म्यावर आणली. सहा महिन्यांनी तिनं तो कागद फाडून चुलीत घातला. इंदुमतीला तेव्हा वाटलं होतं, चला, यंत्राला तरी माणसांची दया आली.

आता अकराच्या तासाविषयी.

इंदुमती रोज अकरा ते पावणेबारा वाचन घ्यायची. दुसरीत त्या वर्षी मायाक्का नावाची आठ वर्षांची पोर होती. बाप बिरू मेंढपाळ. पाऊसकाळात कळप गावच्या माळावर असायचा आणि दिवाळीचा पाडवा झाला की दुसऱ्या दिवशी कोकणाच्या वाटेला लागायचा, तो पुढच्या जूनपर्यंत. म्हणजे मायाक्काची शाळा वर्षातून चार महिने. गेल्या दोन वर्षांत ती जे शिकली ते वाटेत सांडून आली होती. अक्षरं सगळी ओळखायची, पण ‘घ’ म्हणाली की थांबायची, इंदुमतीच्या तोंडाकडे बघायची, मग ‘र’ म्हणायची, आणि दोन्हींचं मिळून काही होतं हे तिच्या गावीही नसायचं. बापानं निक्षून सांगितलं होतं, “बाई, औंदा वाचाय आलं तर फुडच्या साली हिला आत्याकडं ठिवतो साळंसाठी. न्हाय आलं तर मेंढरं राखल. उगं तिची दोन्हीकडनं फरफट नगं.”

इंदुमतीला एक घडी माहीत होती. ज्या शिक्षकानं पहिली-दुसरी शिकवली आहे त्यालाच ती माहीत असते. महिनोन् महिने मुकी असलेली अक्षरं एका क्षणी मुलाशी बोलायला लागतात आणि मूल दचकून वर बघतं. एकोणीस वर्षांत तिनं ती घडी तीनशे-साडेतीनशे वेळा पाहिली असेल. तेवढ्यासाठीच ती या नोकरीत होती. बाकीचं सगळं ती त्या घडीसाठी सोसत आली होती.

श्रावण संपता संपता कडं अकराच्या तासाला थरथरायला लागलं. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. चाळीस मिनिटांत काम पुरं केलं नाही तर शिक्षकाचा आणि शाळेचा दर्जा खाली जायचा. मायाक्का ‘घ’वर बोट ठेवून बसलेली, आणि इंदुमती टॅबवर शेजारच्या गावातल्या चष्म्यांचे नंबर भरतेय. भाद्रपदात सगळ्या महिन्यात मिळून पाच तास झाले. मायाक्का वाट बघून बघून फळ्याखाली खडूनं मेंढरं काढायला लागली.

“नेमकं माझ्याच तासाला कसं येतं गं हे?” मधल्या सुट्टीत मुलं खिचडीला बसल्यावर तिनं सलमाला विचारलं.

सलमानं टॅबवर तिचा दिवसाचा आलेख काढला. “बघा. परिपाठाला तुमची रेघ मध्यम. हजेरी टाकताना वर. पोषण आहाराचं वजन, अजून वर. आणि अकराला धाडकन खाली. पार तळाला.”

“मग?”

“मग काय ओ! यंत्राला वाटतंय तुमी अकराला मांडी घालून निवांत बसताय.”

इंदुमती त्या रेघेकडे बघत राहिली. शिकवताना तिचं मन शांत व्हायचं हे खरंच होतं. दिवसभरात तेवढाच एक तास तिला श्वास घेतल्यासारखा वाटायचा. आणि यंत्रानं तोच तास मोकळी जागा समजून त्यात पोती रचायला सुरुवात केली होती. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय.

“तुझ्या तासाला येत नाही काही?”

सलमानं दाराकडे एक नजर टाकली. मग तिनं पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. आत चार लवंगी मिरच्या होत्या. “काम येतंय असं वाटलं की एक दाताखाली धरायची. घाम फुटतो, छाती धडधडते. कडं लाल होतं. तालुक्यातल्या निम्म्या मास्तरांच्या खिशात हेच हाय, बाई. तुमी लई भोळ्या.”

“आणि मग ते काम जातं कुठे?”

सलमानं पुरचुंडी बांधली, उघडली, परत बांधली. “तुमच्याकडं,” ती म्हणाली.

इंदुमतीला राग यायला हवा होता. पण सलमाच्या धाकट्या पोराला तिनंच पाळण्यात घातलं होतं, आणि चुलीत गेलेला तो कागदही तिला आठवत होता. मुकी बिचारी कुणीही हाका, असं ती मनात म्हणाली, आणि हात पुढे करून पुरचुंडीतली एक मिरची घेतली.

दुसऱ्या दिवशी अकराला पाच मिनिटं कमी असताना तिनं ती दाताखाली धरली. कानांतून वाफा निघाल्या, डोळ्यांतून धारा लागल्या. कड्यावर ‘भार जास्त’ आलं आणि तासभर ते निपचित पडून राहिलं.

असे नऊ दिवस गेले. तोंडाची आग होत असताना शिकवणं हा काही शिकवण्याचा प्रकार नव्हे. तिचा आवाज बसला, गोष्ट सांगता येईना, मुलं बावरून गप्प बसायला लागली. पण तास तिचा होता. मायाक्का आता अक्षरागणिक तिच्या तोंडाकडे बघत नव्हती. ‘घ’ आणि ‘र’ यांच्यात अजून हातभर अंतर होतं, पण आधी ते कोसभर होतं.

“बाई, तुमी रोज का रडताय?” सहाव्या दिवशी तिनं विचारलं.

“मिरची खाल्लीय गं.”

“रोज?”

“हं.”

दुसऱ्या दिवशी पोरीनं परकराच्या ओच्यातून गुळाचा खडा आणला आणि टेबलावर ठेवला. इंदुमतीला तो खाता आला नाही, कारण तास संपेपर्यंत तोंड तिखट राहायला हवं होतं. तिनं तो कागदात गुंडाळून आपल्या पिशवीत ठेवला आणि पाठ फिरवून फळा पुसला.

दहाव्या दिवशी टॅबवर तिच्या नावापुढे ‘९७’ नव्हतं, ‘४१’ होतं, तेही लाल. खाली आदेश. ‘आपल्या नोंदींवरून अध्यापनकाळातील भार धोक्याच्या पातळीवर असल्याचे आढळले आहे. आपली मौल्यवान सेवा टिकवण्यासाठी आपणांस अध्यापनातून मुक्त करण्यात येत आहे. येत्या सोमवारी तालुका माहिती कक्षात रुजू व्हावे. आपले वेतन, पद व सेवाज्येष्ठता कायम राहील.’

तिनं तो दोनदा वाचला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. यंत्राला तिनं सांगितलं की शिकवताना माझा जीव जातो, आणि यंत्रानं शहाण्यासारखं तिचं शिकवणंच काढून घेतलं.

शनिवारी सकाळच्या शाळेत पांढरी गाडी आली. डॉ. देवस्थळी स्वतः आल्या होत्या. चाळिशीच्या, साध्या सुती साडीतल्या, बोलण्यात आर्जव असलेल्या बाई. यंत्रानं एखाद्या शिक्षकाला मोडण्याआधी वाचवल्याचं इतकं स्पष्ट उदाहरण त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि त्यांना ती शिक्षिका बघायची होती.

“तुम्हाला आता कसं वाटतंय, खरमाटे मॅडम?” त्यांनी खुर्चीत बसत विचारलं.

इंदुमतीनं ड्रॉवर उघडला आणि उरलेली एक मिरची त्यांच्यासमोर ठेवली. मग सगळं सांगितलं. फक्त मिरची कुणाकडून आली ते सोडून.

देवस्थळींचा चेहरा उतरला. “म्हणजे तुम्ही आम्हाला खोटी नोंद दिलीत.”

“दिली. नऊ दिवस. पण खरी नोंद देत होते, तेव्हा काय केलंत तुम्ही माझं?”

बाईंनी आपला टॅब काढला आणि मागच्या वर्षभराचे आलेख उघडले. अकराची ती खाली गेलेली रेघ दिवसामागून दिवस त्यांच्या बोटाखालून सरकत गेली.

“विमानतळावर,” त्या शेवटी म्हणाल्या, “नियंत्रक शांत असला की आकाश मोकळं असायचं. दर वेळी. मला कधी वाटलंच नाही की माणूस कामाच्या अगदी मधोमध असा शांत असू शकेल. कड्याला भार किती ते कळतं. काम किती ते कळत नाही. रिकामा बसलेला माणूस आणि कामात रमलेला माणूस, दोघांची रेघ एकच येते.”

“मग दुरुस्त करा.”

“करेन. शब्द देते. पण नव्या चाचण्या, मग समितीची मंजुरी… पुढच्या जूनच्या आत होणार नाही.”

“एक मुलगी आहे माझ्या वर्गात. तिच्या बापाचा कळप पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी निघतो.”

देवस्थळींना हे समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी नजर खाली वळवली. “तुम्ही आदेशाविरुद्ध अर्ज करू शकता. मिरचीचं लिहून द्या, मी साक्ष देते. पण मग हा प्रकार आणखी कुठे चालतो ते तपासावं लागेल. सगळ्या तालुक्याच्या नोंदी उघडाव्या लागतील.”

खिडकीतून व्हरांडा दिसत होता. सलमा ओणवी होऊन तिसरीच्या एका मुलीच्या वेणीतून चिंगम सोडवत होती.

“अर्ज नको,” इंदुमती म्हणाली.

रविवारी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं आणि नोकरी सोडू का, असं विचारलं. माणिक एसटी डेपोत मेकॅनिक होता, बोलायला कमी. त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “कक्षात बसून तुला जमंल?” तिनं नकारार्थी मान हलवली. “मग कशाला विचारतीस,” तो म्हणाला आणि कप विसळायला उठला. त्याच्या पाठीकडे बघताना तिला रडू फुटलं, कारण घराचं अवघड होणार हे त्या दोघांनाही कळत होतं.

सलमानं मात्र ऐकून घेतलं नाही. सोमवारी शाळा उघडायच्या आधीच ती दारात उभी होती. “राजीनामा? अवो, कक्षात जावा की! खुर्ची हाय, पंखा हाय. आज न्हाय तर उद्या परत येशीला. आणि तुमी सुटला तर माझं काय? चौतीस पोरं, चार वर्ग, मी एकटी! माझा कागद मी जाळला तवा तुमीच म्हणला होता ना, टिकून राहा म्हणून?”

“म्हणाले होते,” इंदुमती म्हणाली. “सलमा, मी कक्षात गेले तर यंत्राच्या लेखी मी टिकलेली शिक्षिका. इथली जागा माझ्याच नावावर, भरलेली. कुणीसुद्धा येणार नाही तुझ्या मदतीला, दहा वर्षं. मी सोडलं तरच ती रिकामी दिसेल. रिकामी दिसली तर कुणाला तरी पाठवावं लागेल.”

“आणि न्हाय पाठवलं तर?”

सलमा रडायला लागली. “माझ्या मिरच्यांनी झालं हे,” ती म्हणाली. इंदुमतीनं तिला जवळ घेतलं, पण ‘नाही’ असं खोटं काही तिच्या तोंडून निघालं नाही.

राजीनामा टॅबवरच भरायचा होता. नाव, सेवाकाळ, दिनांक. ‘कारण’ या रकान्यात मजकूर आधीच भरलेला होता : ‘अध्यापनाचा असह्य भार’. तिनं तो पुसायचा प्रयत्न केला, पण तो रकाना बदलता येत नव्हता. तिनं तसाच अंगठा टेकवला. मंजुरी येईपर्यंत कडं काढायचं नाही, असा नियम होता. तेही तिनं मान्य केलं.

वर्गात शिकवायची आता मुभा नव्हती, म्हणून त्या दिवसापासून पाडव्यापर्यंत ती रोज अकराला माळावर जायला लागली. बिरूच्या वाघरीजवळ, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीजवळ, एक लिंबाचं झाड होतं. त्याच्या सावलीत मायाक्का आणि ती. मिरची नव्हती, टेबल नव्हतं, पुस्तक तेवढं होतं. कडं थरथरायचं, ती पुस्तकाचं पान उलटायची. आता तिचा दर्जा कुणी आणखी किती खाली आणणार होतं?

पण अक्षरं बोलत नव्हती. ‘घ’ आणि ‘र’ शेजारी शेजारी आली होती, अगदी खेटून, आणि तरी मुकी. पाडवा झाला. दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा बिरू घोड्यांवर सामान लादत होता. भांडी, कोंबड्यांचा खुराडा, नुकती जन्मलेली दोन कोकरं.

“बाई, ऱ्हाऊ द्या आता,” तो ओशाळून म्हणाला. “तुमी लई केलं. तिच्या नशिबात न्हाय.”

“निघायला किती वेळ आहे?”

“घटकाभर.”

“मग घटकाभर बसते.”

मायाक्का तिच्याजवळ येऊन बसली, पण तिचं पुस्तकात लक्ष नव्हतं. ती कळपाकडे बघत होती. मग तिची नजर इंदुमतीच्या मनगटावर आली. गेले चार महिने ती त्या पडद्याकडे बघत आली होती. अकरा वाजले होते, आणि तो हिरवा होता. तिनं त्यावर बोट ठेवलं.

“भा,” ती म्हणाली. “र.” बोट थांबलं. “क. मी.”

तिच्या कपाळावर आठी पडली. ओठ नुसतेच हलले.

“भार,” ती हळू म्हणाली. आणि दचकून वर बघितलं. “भार कमी! बाई, भार कमी लिवलंय हितं!”

इंदुमतीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. बिरू दोर तसाच हातात धरून उभा राहिला.

“आज बी मिरची खाल्ली व्हय?” मायाक्कानं विचारलं.

“नाही गं. आज नाही.” इंदुमतीनं पिशवीतून गुळाचा तो खडा काढला, फोडला, अर्धा तिला दिला आणि अर्धा स्वतः खाल्ला.

“भार म्हंजी काय?”

“ओझं.”

मायाक्कानं घोड्याच्या पाठीकडे बघितलं, मग बाईंच्या तोंडाकडे. “तुमचं कमी झालं व्हय?”

इंदुमतीला शाळा आठवली. सुट्टी संपल्यावर कुलूप काढणारी एकटी सलमा आठवली, तिच्यापुढची तेहतीस मुलं आठवली, आणि त्यातली अजून न वाचणारी सात, नावानिशी.

तेवढ्यात मायाक्काच्या बोटाखालीच कडं थरथरलं. काम आलं होतं.

“बाई, हे हालतंय!”

“हलू दे,” इंदुमती म्हणाली, आणि मांडीवरचं पुस्तक उघडून तिच्यापुढे धरलं. “तू वाच.”